रुमालाखालचं दुखणं

एकदा एक वृद्ध डॉक्टर होते. आयुष्यभर त्यांनी रोग बरे केले आणि उतारवयात असा नेम केला की, ज्यांचा रोग आता बरा होणार नाही, तेवढ्याच माणसांच्या घरी जायचे. लोकांना हा व्यवहार उफराटा वाटे. कोणी विचारी, "डॉक्टर, जो बरा होणार नाही त्याच्याकडे जाऊन तुम्ही करता काय?" ते म्हणत, "त्याचं दुखणं उतरवतो. रोग आणि दुखणं एका घरात राहतात, पण ते दोघं एक नव्हेत. एकाला बाहेर काढता आलं नाही, तरी दुसऱ्याला काढता येतं."

व्यापारी माणसाला हे लवकर पटावं. आमच्या पेठेत एका किराणा दुकानदाराचं छप्पर गळत असे आणि घरमालक काही ते दुरुस्त करीत नसे. आभाळ भरून आलं की हा मुकाट्याने साखरेची पोती सरकवी. कोणी हसलं तर म्हणे, "छप्पर माझ्या हातात नाही, साखर आहे." त्या डॉक्टरांचं शास्त्र याहून फार निराळं नव्हतं.

त्यांच्याकडे एक शिष्या शिकायला आली. मोठ्या शहरातून मोठी परीक्षा देऊन आलेली, कष्टाळू, मनाने निर्मळ. एकच उणीव होती. पुस्तकात दिलेला प्रश्न पुस्तकात दिल्याप्रमाणे विचारला की माणूस खरं उत्तर देतो, अशी तिची प्रामाणिक समजूत होती. बिचारीने कधी दुकान चालवलं नव्हतं.

गुरूंनी तिला गेनबा तात्यांकडे पाठवलं. तात्या म्हणजे गुरांच्या बाजारातले जुने दलाल. बैल दहा पावलं चालला की त्याचा मालक त्याला काय खाऊ घालतो ते सांगणारे. त्यांचा कॅन्सर आता पाठीच्या हाडांत उतरला होता. मोठ्या दवाखान्याने सांगितलं होतं की, आता घरीच ठेवा, सुखात ठेवा. घरच्यांनी यातलं पहिलं केलं होतं. दुसरं कसं करायचं ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

शिष्या गेली तेव्हा पलंगाभोवती सगळं घर जमलं होतं. मुलगा रंगनाथ डोळे लाल करून पायथ्याशी उभा होता. बायको हौसाबाई दाराच्या चौकटीला टेकून होत्या. आणि उशाशी मेहुणे दामूअण्णा बसले होते. दामूअण्णांना प्रत्येक रोगाचं एक औषध ठाऊक असे आणि ते औषध देणारा एक बाबाही.

शिष्या म्हणाली, "तात्या, शून्य म्हणजे मुळीच दुखत नाही. दहा म्हणजे याहून जास्त दुखणं असूच शकत नाही. तर आत्ता तुमचं किती?"

तात्यांनी मुलाकडे पाहिलं, मेहुण्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तुमचा काय अंदाज?"

"माझा नाही, तुमचा सांगा."

"तरी बी. शिकल्यासवरल्या हायसा, एक आकडा तर बोला."

"तात्या, दुखतंय तुम्हाला."

"बरं, दोन धरा."

"दोन? आत्ता कूस बदलताना तुम्ही ओठ चावलात."

"मग तीन करा. तुमच्या शब्दाला मान दिला."

"मानाचा प्रश्न नाही हो."

"अडीच. आता ह्याच्या फुडं सरकू नका."

दामूअण्णा कौतुकाने म्हणाले, "आमच्याकडची माणसं दुखण्याला भीक घालत नाहीत, बाई."

"तुमच्याकडं दाढ दुखली तर आळी जागी असते," तात्या म्हणाले.

शिष्येने अडीच लिहिलं आणि अडीचला साजेशी हलकी गोळी दिली. जाताना हौसाबाई तिला परसदारापर्यंत पोचवायला आल्या. आवाज खाली घेऊन म्हणाल्या, "बाई, ह्यांना एकच हौस राहिलीय. मंगळवारी बाजाराची गुरं आपल्या दारावरून जातात. एकदा ओट्यावर बसून ती बघायचीत म्हणतात. पण बसायचं नाव काढलं की तोंडाला घाम फुटतो. एक मंगळवार तेवढा मिळवून द्या."

शिष्या विचारात पडली. अडीच दुखणाऱ्या माणसाला ओट्यापर्यंत जायला काय हरकत आहे?

पुढे ती पुन्हा पुन्हा गेली आणि दर खेपेला तिला नवा आकडा मिळाला. रंगनाथ समोर असला की दोन. दामूअण्णा असले की शून्य. बाजारातला दुसरा एक दलाल समाचाराला आला होता, त्या दिवशी तात्या म्हणाले, "दुखणं? कुणाचं?" आणि तो गेल्यावर भिंतीकडे तोंड करून पांघरुणाचं टोक चावत राहिले. औषध होतं तिथेच राहिलं, दुखणं वाढत गेलं. असे दोन मंगळवार आले आणि गुरांच्या घुंगरांचा आवाज तात्यांनी आतूनच ऐकला.

शेवटी शिष्या गुरूंकडे येऊन बसली. "सर, या रुग्णाच्या सांगण्यावर काही ठरवताच येत नाही. रोज निराळं बोलतात."

"निराळं कुणापुढे बोलतात, ते पाहिलंस का?"

"ते कशाला पाहायचं?"

गुरू हसले. खुंटीवरचं उपरणं त्यांनी खांद्यावर टाकलं आणि म्हणाले, "चल, मीच येतो."

डॉक्टर आले म्हणून घर पुन्हा पलंगाभोवती गोळा झालं. गुरूंनी कोणाला बाहेर जा म्हटलं नाही. नाडी पाहिली नाही, नळी छातीला लावली नाही आणि दुखण्याचं तर नावही काढलं नाही. खुर्ची पलंगाला भिडवून ते बसले आणि म्हणाले, "काय तात्या, यंदा खिलारी जोड्या कमीच दिसतात."

"ठेवतंय कोण आता? पोरांना ट्रॅक्टर पाहिजे."

"खरं आहे." असं म्हणून गुरूंनी खांद्यावरचं उपरणं काढलं, तात्यांच्या उजव्या हातावर पसरलं आणि आपला हात त्याखाली घातला.

तात्यांचा चेहरा पालटला. क्षणापूर्वी तो आजारी माणसाचा होता. आता तो बाजारातल्या माणसाचा झाला. डोळे अर्धे मिटलेले, ओठ सैल, जणू या गृहस्थाला विकायचंही नाही आणि घ्यायचंही नाही.

"चारा महागलाय म्हणे," गुरू म्हणाले. उपरण्याखाली काहीतरी हललं.

"महागणारच. पाणी कुठाय?" तात्या म्हणाले. पुन्हा हललं.

दामूअण्णा रंगनाथच्या कानाशी लागले. "नाडी बघताहेत."

"झाकून?"

"जुनी पद्धत आहे. नव्या डॉक्टरांना शिकवत नाहीत आता."

शिष्या टक लावून पाहत होती. नाडी मनगटाला असते आणि तिला उघड्यावर लाज वाटत नाही, एवढं तिला ठाऊक होतं. गुरूंच्या मनात काय आहे, ते मात्र उमगेना.

"एवढं?" गुरूंनी हळूच विचारलं.

"एवढंच."

कापड पुन्हा हललं. तात्यांनी मान हलवली. "न्हाय. त्याच्या खाली न्हाय यायचो."

"पाहा हं."

"पाह्यलं. न्हाय."

गुरूंनी हात बाहेर काढला, उपरणं झटकून खांद्यावर टाकलं आणि जणू काहीच घडलं नाही अशा सुरात विचारलं, "या बाईंनी दिलेल्या गोळ्या वेळच्या वेळी घेता का?"

तात्या छताकडे पाहू लागले. हौसाबाई पुढे आल्या, त्यांनी उशी उचलली. खाली चुरगळलेल्या पुडीत बऱ्याचशा गोळ्या तशाच होत्या.

"राखून ठेवल्यात," तात्या म्हणाले. "फुडं दुखणं वाढलं की काढीन. आत्ताच सगळा माल बाहेर काढला, तर टंचाईच्या वक्ताला काय खायचं?"

गुरू म्हणाले, "तात्या, गाडी उताराला लागायच्या आधी बैल आवरायचे, की सुटल्यावर?"

तात्यांनी जरा विचार केला. "आधी."

"मग गोळीचंही तसंच. दुखणं येण्याची वाट पाहायची नाही. ठरल्या वेळेला गोळी घ्यायची, दुखो न दुखो. मधेच जोराची कळ आली तर वेगळी वरची गोळी देतो. आणि टंचाईची काळजी नको. दुखणं वाढलं तर औषध वाढवता येतं. हा माल संपत नाही."

मग त्यांनी गोळी बदलून दिली आणि तिचं नाव सांगितलं. मॉर्फिन. ते ऐकून रंगनाथचा चेहरा उतरला. "डॉक्टर, म्हणजे शेवटच म्हणायचा का?"

"नाही. ही गोळी माणसाला नेण्यासाठी नसते, आहे तोवर नीट राहण्यासाठी असते. थोडीथोडी वाढवू आणि ही बाई रोज येऊन बघेल."

"पण सवय लागली तर?" हौसाबाईंनी विचारलं.

"सवय नशेसाठी घेणाऱ्याला लागते, वहिनी. यांना नशा कुठे हवीय? यांना ओट्यावर जायचंय. डॉक्टरच्या नजरेखाली दुखण्यासाठी घेतलं तर ती भीती फार थोडी." मग त्यांनी आणखी एक बाटली काढली. "आणि हे पोट साफ होण्याचं. त्या गोळीनं पोट हमखास बांधलं जातं. हे विसरलात तर दुखणं राहील बाजूला आणि तुम्ही मला शिव्या द्याल."

"त्याची जबाबदारी दामूला द्या," तात्या म्हणाले. "दुसऱ्याच्या पोटातलं त्याला लई कळतं."

बाहेर रस्त्याला लागल्यावर शिष्येला राहवलं नाही. "सर, तुम्ही त्या कापडाखाली काय केलंत?"

"भाव विचारला."

"कशाचा?"

"दुखण्याचा. गुरांच्या बाजारात खरा आकडा कोणी तोंडाने बोलत नाही. रुमालाखाली बोटं दाबून सांगतात. मी सगळी बोटं दाबून शून्यापासून दहापर्यंतचा तुझा हिशोब समजावला आणि विचारलं. त्यांनी नऊ सांगितलं."

"नऊ? मला दोन म्हणाले होते."

"तुला नाही म्हणाले. रंगनाथला म्हणाले. विचारलंस तू, पण ऐकणारा तो होता." गुरू थोडे थांबले, कारण चढ लागला होता. "त्यानं नऊ ऐकलं, तर तो कामावर जायचा नाही. बायकोनं ऐकलं, तर ती जेवायची नाही. मेहुण्यानं ऐकलं, तर उद्या अंगारा घेऊन हजर. आणि त्या दुसऱ्या दलालानं ऐकलं, तर बाजारभर होईल. म्हणून ज्याला जेवढं झेपेल तेवढा आकडा ते त्याला सांगतात. तू त्यांना लबाड ठरवायला निघाली होतीस. आपलं दुखणं दुसऱ्याच्या अंगावर पडू नये, म्हणून ते स्वस्तात सांगणारा माणूस आहे तो. उघड्यावरचा आकडा चारचौघांसाठी असतो, बाळ. रुमालाखालचा एकाच माणसासाठी. तुझा प्रश्न बरोबर होता, जागा चुकली."

"आणि घासाघीस कशाला केलीत?"

"सात म्हणून पाहिलं. जन्मभर प्रत्येक सौद्यात एखादं बोट सोडत आलेला माणूस. आज एकही बोट सोडीना. तेव्हा मला कळलं, नऊ खरं आहे."

शिष्येने चालता चालता वहीतले जुने आकडे खोडून नऊ लिहिलं. मग तिने व्यवहाराचं विचारलं, "म्हणजे आता मी प्रत्येक घरी रुमाल न्यायचा का?"

"अगं, नाही. प्रत्येकाचा आडोसा निराळा. कुणी भाजी निवडताना बोलतं, कुणी पाठ चोळून घेताना. एका शिंप्यानं त्याचं दुखणं मला माझं माप घेता घेता सांगितलं. मला सदरा शिवायचा नव्हता, तरी शिवून घेतला. अजून काखेत काचतो."

कपड्याच्या दुकानात गल्ल्यावर बसलेल्या कोणालाही हे विचारा. गिऱ्हाईक ज्या लुगड्याला सगळ्यांदेखत नावं ठेवतं, तेच निघताना बांधून मागतं. नणंद समोर असली की बाईला कुठलंच लुगडं पसंत पडत नाही. शहाणा दुकानदार तेव्हा नणंदेला चहा विचारतो.

असो. नवी गोळी सुरू झाली. पहिले एकदोन दिवस तात्यांना गुंगी आली, मळमळ झाली. शिष्येने मळमळीवर औषध दिलं आणि सांगितलं की, ही गुंगी ओसरेल, दुखण्यापायी राहून गेलेली झोपही आहे त्यात. दामूअण्णांचा विश्वास बसेना. तात्या दुपारचे निजले असताना ते पलंगाशी वाकले, नाकाशी बोट धरलं आणि रुमालाने डोळे टिपत बाहेर निघाले. "संपलं सगळं," ते रंगनाथला म्हणाले.

पलंगावरून आवाज आला, "दामू, चहा ठेवलाय तो संपव आधी. मग रड."

गुंगी उतरली. दर खेपेला शिष्या ओढणीचं टोक तात्यांच्या हातावर पसरी, हात आत घाली आणि घरातल्यांशी हवापाण्याच्या गोष्टी बोले. तिच्या बोटांना अजून सराव नव्हता. एकदा तिने चुकून असं काही दाबलं की तात्या म्हणाले, "बाई, एवढ्याला तर हत्ती बी येत न्हाय." पण आकडा हळूहळू उतरू लागला. आठ झाला, सहा झाला. एकदा पुन्हा सातावर गेला, तेव्हा तिने गुरूंना विचारून मात्रा सुधारली आणि तो परत खाली आला.

पुढच्या मंगळवारी ती परसदाराने आत आली, तेव्हा पलंग रिकामा होता. तिने हाक मारायला तोंड उघडलं. तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला, "अरं, त्या मोऱ्याला अशी घाई करू नको. डावा पाय जपतोय तो. बघतोस काय, खूर बघ."

तात्या ओट्यावर बसले होते. पाठीला दोन उशा, डोक्याला पटका. समोरून गुरं जात होती आणि माणसं थांबून रामराम घालत होती. दामूअण्णा रस्त्यात उभे राहून प्रत्येकाला सांगत होते की, ही किमया मुळात त्यांच्या सल्ल्याने झाली. तात्यांनी त्यांना सांगू दिलं. एवढा माल फुकट वाटण्याइतके ते त्या दिवशी श्रीमंत होते.

शिष्या शेजारी टेकली. तिने ओढणी पसरली. तीन.

"दोन होईल का?" तिने रस्त्याकडे पाहत विचारलं.

"तीन. अन् हललो तर चार. पण चालतंय. ह्या भावात मला परवडतंय."

तिने तीन लिहून घेतलं. दारात हौसाबाई उभ्या होत्या. चौकटीला टेकून, पदर तोंडाशी धरून. गेले कित्येक दिवस त्यांची जागा तीच होती. तात्यांनी मान न वळवता म्हटलं, "अगं, हिकडं ये जरा."

"काय पाहिजे? पाणी देऊ?"

"पाणी नको. बस हितं. हात दे."

"रस्त्यावर? लोक काय म्हणतील?"

"म्हणून तर कापड हाय."

तात्यांनी शिष्येची ओढणी आपल्या हातावर तशीच राहू दिली. हौसाबाई ओट्याच्या कडेला संकोचून टेकल्या आणि त्यांनी हात आत सरकवला. उभ्या जन्मात त्या कधी गुरांच्या बाजारात गेल्या नव्हत्या. तात्यांनी त्यांची बोटं एकेक करून समजावली असावीत, कारण कापड बराच वेळ हळूहळू हलत होतं. मग ते हलायचं थांबलं.

तात्यांचा बाजारातला चेहरा मोडला. हजारो सौदे झाले, तेव्हा कधी मोडला नव्हता तो.

"एवढं?" ते म्हणाले.

"मग काय."

"अन् बोलली न्हाईस."

"तुम्ही तरी कुठं बोललात?"

शिष्येच्या हातात लेखणी होती. आकडा किती, हे विचारावं असं तिच्या मनात आलं. मग तिने लेखणी पिशवीत ठेवली. तिला आता उमगलं होतं की, एका घरात दुखणं एकालाच नसतं, आणि प्रत्येक आकडा डॉक्टरसाठी नसतो.

रस्त्यावरून शेवटची गुरं गेली. धूळ खाली बसली. आतून काहीतरी उतू जात असल्याचा वास आला.

"चुलीवर दूध हाय," हौसाबाई म्हणाल्या. पण त्यांनी हात काढला नाही.

तेव्हा मोठ्या परीक्षेची ती मुलगी ओढणी तिथेच सोडून उठली, आत गेली आणि दूध खाली उतरवून ठेवून तिथेच जरा वेळ थांबली.